सोनेरी टिक

शशिकलाताई मोकल हल्ली बसून चहा पीत नाहीत. कप हातात घेऊन खिडकीपाशी जातात, तिथून दारापाशी, पुन्हा खिडकीपाशी, आणि उरलेला अर्धा चहा बेसिनमध्ये ओततात. गेल्या ऑक्टोबरपासून हे असं चाललंय. त्याआधीच्या शशिकलाताई मी बारा वर्षं पाहिल्यात. नवीन पनवेलच्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. त्यांच्याइतकं शांत माणूस आमच्या जिन्यात दुसरं नव्हतं.

त्या मूळच्या उरणजवळच्या करंजाच्या. आई मासे विकायची, भाऊ काळूराम अजून बोटीवर जातो. घरातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी म्हणून विसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात लागल्या आणि चौतीस वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडल्या. लग्न केलं नाही. पहिली पंधरा वर्षं त्या चौकशी विभागात होत्या. लोक फोन करून विचारायचे, अमक्याचा नंबर काय, आणि या शोधून सांगायच्या. एका कॉलला किती सेकंद लागावेत याचा तेव्हाही नियम होता आणि शशिकलाताई तो रोज मोडायच्या. डॉक्टर भगत दोन असले, एक डोळ्यांचे आणि एक लहान मुलांचे, तर कोणते हवेत हे विचारल्याशिवाय त्या नंबर द्यायच्या नाहीत. साहेब रागवायचे. मला एकदा त्या म्हणाल्या होत्या, "कानात समोरच्या माणसाचा श्वास ऐकू येत असतो गं. धापा टाकत असतो बिचारा. अंदाजानं नंबर कसा देणार त्याला?"

अशा बाईला त्या अॅपचं नाव मी सांगितलं. हे आधीच सांगून टाकते.

अॅपचं नाव 'ठावठिकाणा'. पनवेल, उरण, खोपोली या पट्ट्यातली दुकानं, दवाखाने, पंक्चरवाले, ट्रक उभे करायच्या जागा, सगळ्याची माहिती त्यात असते आणि ती तपासायची आपल्यासारख्यांनीच. फोनवर एक नोंद येते. हे दुकान इथे आहे का? ही वेळ बरोबर आहे का? खाली दोन बटणं, 'बरोबर' आणि 'चूक'. बहुतेकांचं मत तुमच्यासारखंच निघालं तर पाच मोती मिळतात. दहा सेकंदांत उत्तर दिलं तर वर दोन. मत बहुतेकांच्या विरुद्ध गेलं तर मोती कापले जातात. रोज किमान पाच नोंदी तपासल्या की तुमच्या नावापुढचा दिवा तेवत राहतो, एक दिवस चुकला की विझतो. वाटसरू, वाटाड्या, जाणकार अशा पायऱ्या चढत माणूस शेवटी 'दीपमाळ' होतो. दीपमाळेनं 'बरोबर' म्हटलं की त्या नोंदीवर सोनेरी टिक येते, शेजारी तपासणाऱ्याचं नाव. बऱ्याच जणांनी 'बरोबर' म्हटलेल्या नोंदी हिरव्या दिसतात, आणि ज्यांच्याकडे कोणी फिरकलेलंच नाही त्या करड्या रंगात पडून असतात, 'माहिती जुनी असू शकते' असा शेरा घेऊन.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रिकाम्या तासाला हा चाळा बरा वाटायचा. निवृत्तीनंतर ताईंचा वेळ जात नव्हता, म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये ते घालून दिलं. "तुमच्याच कामाचं आहे," म्हणाले.

पहिले दोन महिने त्यांनी ते कामासारखंच केलं. सकाळी पिशवी घेऊन निघायच्या आणि एकेक दुकान डोळ्यांनी बघून यायच्या. शिलाईवाला सोमवारी खरंच बंद असतो का, हे बघायला सोमवारी जायच्या. आठवड्याला चाळीस मोती व्हायचे. कळंबोलीचा कोणी प्रांजल नावाचा मुलगा पहिल्या नंबरावर होता, त्याचे नऊशे.

"हा उडत जातो की काय?" त्या मला विचारायच्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की प्रांजल कुठेच जात नाही. नोंद उघडली की आधी किती जणांनी 'बरोबर' म्हटलंय ते दिसतं. चार जणांनी म्हटलं असेल तर पाचव्यानं तेच म्हणायचं. सात मोती, तीन सेकंदांत. ताईंनी एकदा करून पाहिलं, मग रोज करू लागल्या. चपला झिजायच्या थांबल्या. दिवा विझला नाही एकही दिवस. काळूरामच्या मुलीच्या हळदीत मी त्यांना मांडवाच्या खांबाआड उभं राहून अंगठा चालवताना पाहिलंय. चेहऱ्यावर असा काही ताण, जणू पाठीमागे कोणी घड्याळ धरून उभं आहे. मी हसले होते तेव्हा.

ऑगस्टमध्ये 'पनवेल विरुद्ध उरण' असा आठवडा लागला. दोन्हीकडच्या मोत्यांची बेरीज, जिंकेल त्या गावाच्या नकाशावर सात दिवस झेंडा. ताई जन्मानं उरणच्या आणि खेळत होत्या पनवेलकडून. काळूरामनं फोनवर चिडवलं, "आमचा उरन तुमाला पानी पाजल, आक्का!" झालं. त्या आठवड्यात त्यांनी साडेतीनशे नोंदी तपासल्या आणि दीपमाळ झाल्या. पनवेल जिंकलं. आम्ही दोघींनी कोपऱ्यावरून कुल्फी आणून खाल्ली.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुपारी ताई माझ्याकडे आल्या होत्या. शाळेला सुट्टी होती. मी बोंबील साफ करत होते, त्या समोर मेथी निवडत होत्या. त्यांचा फोन वाजला. अॅपची सूचना होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मधेच आवाज बंद झाला. मी हात धुऊन फोन घेतला.

आपट्याच्या पुढे, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं नर्सिंग होम आहे, त्याची नोंद होती. 'सर्पदंश उपचार, चोवीस तास, लस उपलब्ध.' सोनेरी टिक. तपासणी शशिकला मोकल. त्याखाली हितेश नावाच्या माणसानं काल लिहिलं होतं: 'इथे लस नाही. डॉक्टर पण नाही. माझ्या आईला घोणस चावली. तुमची सोनेरी टिक बघून आलो. पाऊण तास गेला. आई आयसीयूत आहे.'

आणि त्याखाली अॅपनं ताईंना विचारलं होतं: 'तुमच्या मतावर हरकत आली आहे. मत कायम ठेवल्यास दोन मोती मिळतील. मत बदलल्यास पंधरा मोती कमी होतील.' दोन बटणं.

ताई किती तरी वेळ त्या बटणांकडे बघत राहिल्या. नंतर त्यांनी मला सांगितलं, आणि हे त्यांनी नसतं सांगितलं तर मला कधीच कळलं नसतं: "कीर्ती, पहिला विचार त्या बाईचा नाही आला मला. पंधरा गेले तर प्रांजल पुढे जाईल, हा आला. एक क्षणच. पण आधी तो आला."

मेथी तशीच टाकून त्या उठल्या. "मी तिथे जाऊन येते."

"आत्ता? तिथे जाऊन काय करणार?"

"बघणार. तेव्हा बघायला हवं होतं ते."

मीही गेले. रिक्षा करून तासाभरानं पोचलो. नर्सिंग होमचं शटर अर्धं खाली होतं. बाहेरच्या पाटीवर अजून लिहिलेलं होतं, सर्पदंश, विंचूदंश, प्रसूती. आत एक नर्स आणि दोन रिकाम्या खाटा. नर्स बिचारी साधी होती. म्हणाली, "डॉक्टर मागच्या वर्षीच गेले हो सोडून. आता इथे फक्त रक्त-लघवी तपासायला घेतो आम्ही. पाटी काढायला सांगितली मालकांना, काढली नाही त्यांनी."

"इथे फोन कोणी केला होता का कधी? विचारायला?"

"फोन चालू आहे की. पण विचारायला कोणी नाही केला."

परतीच्या वाटेवर रिक्षात ताईंचा एकच चाळा. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, पुन्हा गुंडाळायचं, पनवेल येईपर्यंत तेच.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच रुग्णालयात गेल्या. हितेशला त्यांनी अॅपवरच निरोप पाठवून विचारलं होतं आणि त्यानं फक्त रुग्णालयाचं नाव कळवलं होतं. मी म्हणाले, जाऊ नका, तो माणूस संतापलेला असणार. त्या म्हणाल्या, "असू दे ना."

हितेश न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. पस्तिशीचा, उंच, दोन दिवस न झोपलेला. आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसला होता. ताईंनी नाव सांगितलं तसा तो उभा राहिला.

"तुमीच का त्या सोनेरी टिकवाल्या?"

"हो."

"तुमी तिकडं फोन केलता काय, टिक लावायच्या आधी?"

"नाही."

"गेलता?"

"नाही. आधी चार जणांनी बरोबर म्हटलं होतं, म्हणून मीही म्हटलं."

तो परत बाकावर बसला. बहुधा त्याची काही सबब ऐकायची तयारी होती, हे ऐकायची नव्हती. मग तोच सांगू लागला. ट्रेलर घरी उभा होता, भातकापणी चालू होती. आई बांधावर पेंढ्या बांधत होती, अकराच्या सुमाराला घोणस चावली. त्यानं शेजाऱ्याच्या रिक्षात आईला घातलं आणि फोन उघडला. पनवेलचं सरकारी रुग्णालय पाऊण तासावर, ते करडं, 'माहिती जुनी असू शकते'. नर्सिंग होम पंधरा मिनिटांवर, हिरवं, वर सोनेरी टिक, अकरा जणांचं 'बरोबर'.

"मला वाटला सरकारी हाय, तिकडं लस असंल का नसंल. आनि हितं तर टिक हाय. मी रोज बघतो ना ती टिक. पंक्चरवाला, ढाबा, कवा चुकली नाय." त्यानं फोन बाकावर उपडा ठेवला. "सरकारीमंदीच होती लस. आमी उलट्या रस्त्यानं गेलो."

सरकारी रुग्णालयाचा फोन लागायला वेळ लागतो. त्यामुळे दहा सेकंदांच्या खेळात ती नोंद कोणी हातात घेतलीच नव्हती. ताईंनीही तीन वेळा ती पुढे ढकलली होती. हे त्यांनी हितेशला सांगितलं नाही, मला सांगितलं.

चार दिवसांनी सोनाबाईंना, म्हणजे हितेशच्या आईला, वॉर्डात हलवलं. लस मिळाली होती पण किडनीवर परिणाम झाला होता, डायलिसिस चालू होतं. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा. ताई पुन्हा गेल्या. हितेश त्यांच्याशी बोलला नाही, पण अडवलंही नाही.

"ही बाई कोन?" सोनाबाईंनी विचारलं.

ताईंनी स्वतःच सांगितलं. कसं सांगितलं कोण जाणे, पण सोनाबाईंना नीट कळलं असावं, कारण त्यांनी विचारलं, "मंग तुला काय भेटला त्याचा?"

"मोती."

"खरं मोती?"

"नाही हो. फोनवरचे. चित्र असतं."

 सोनाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाल्या, "चित्र."

त्या एका शब्दानं ताईंची झोप गेली ती गेलीच. घरी आल्यावर त्यांनी आपली सगळी मतं काढली. चौदा महिन्यांत दोन हजार तीनशे. त्यातल्या दवाखान्यांच्या, औषधांच्या, रुग्णवाहिकांच्या नोंदी एकशे सत्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या फोन घेऊन बसल्या. बसल्या म्हणजे चालू लागल्या, हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, कानाला फोन. मला वर त्यांची पावलं ऐकू यायची नाहीत, पण खालच्या मजल्यावरच्या रमाकाकू विचारायला आल्या, ताईंकडे कोणी आजारी आहे का म्हणून.

नऊ दिवस लागले. एक्केचाळीस नोंदी चुकीच्या निघाल्या. रात्रभर उघडं म्हटलेलं औषधांचं दुकान आठ वाजता बंद व्हायचं. एका रुग्णवाहिकेच्या नंबरावर उलव्याचे एक गृहस्थ सापडले, त्यांना दोन वर्षं भलतेच फोन येत होते. प्रत्येक चुकीच्या नोंदीवर ताईंनी मत बदललं आणि प्रत्येक वेळी पंधरा मोती गेले, शिवाय दर दहा मतं बदलली की एक पायरी खाली. दीपमाळ गेली, जाणकार गेलं, वाटाड्या गेलं. नवव्या दिवशी त्या वाटसरू झाल्या, अगदी पहिल्या पायरीवर.

याचं त्यांना काही वाटलं नसतं. पण मग कळलं की वाटसरूच्या मताला अॅप फारसं मोजत नाही. ज्या बाईनं फोन न करता 'बरोबर' म्हटलं तिला सोनेरी टिक होती, आणि ज्या बाईनं एकशे सत्याऐंशी फोन केले तिच्या 'चूक'ला काडीची किंमत नव्हती. हितेशचं खातं नवं होतं, त्यालाही नव्हती. सोनाबाई डायलिसिसवर होत्या आणि फोनवर ते नर्सिंग होम अजून हिरवंच होतं. टिक तेवढी गेली होती. दहा 'बरोबर', दोन 'चूक'.

त्या संध्याकाळी ताई माझ्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"कीर्ती, त्या नोंदीवर 'बरोबर' म्हणणाऱ्यांची नावं बघितली मी. सातवं तुझं आहे."

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

"मलाही माझं आठवत नाही. तेच तर."

मी अॅप उघडून बघितलं. ऑगस्टमधली तारीख, त्याच पनवेल-उरणच्या आठवड्यातली. तीन सेकंद लागले होते मला. वर्गात मी मुलांना सांगते, निरीक्षणाशिवाय निष्कर्ष लिहू नका, आणि वहीत तसं लिहिलं असेल तर लाल शाईनं खोडते. माझं 'बरोबर' का आलं असेल याचं कारण एकच होतं. माझ्याआधी शशिकला मोकल यांची सोनेरी टिक होती. त्या तर सगळं डोळ्यांनी बघून येतात, असं मी धरून चालले होते.

आणि खरं सांगायचं तर 'चूक' दाबायला माझाही अंगठा क्षणभर अडला. पंधरा मोती. दाबलं मग.

बाकीच्यांना आम्ही एकेक करून निरोप पाठवले. पाच जणांनी मत बदललं, तिघांनी उत्तर दिलं नाही. सगळ्यात पहिलं मत प्रांजलचं होतं. तो फोनवर रडकुंडीला आला. "काकू, मी खोटं नाही लिहिलं. मी बाइकवरून जाताना ती पाटी बघितली होती. पण दोन वर्षं झाली त्याला." पाटी खरी होती. त्यानं बघितली, हेही खरं होतं. अकरा जणांत खोटं कोणीच बोललं नव्हतं.

अॅपचं ऑफिस खारघरला, बेलपाड्याच्या बाजूला एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आहे. शनिवारी आम्ही दोघी तिथे गेलो. पाच-सहा तरुण मुलं-मुली, भिंतीवर मोठा नकाशा. देवेश नावाचा मुलगा सगळं बघतो, तिशीचा असेल. तो उद्धट नव्हता. नर्सिंग होमची नोंद त्यानं आमच्यासमोर काढून टाकली. सोनाबाईंची चौकशी केली. मग खुर्ची ओढून समोर बसला.

ताई उभ्याच होत्या. "मला एक सांग. 'मला माहीत नाही' असं बटण का नाही तुमच्याकडे?"

"होतं, काकू. पहिल्या वर्षी होतं. लोक तेच दाबायचे. दहातले सात जण."

"मग ते खरं बोलत होते ना?"

देवेश हसायला गेला आणि थांबला. "हो, पण मग अॅप रिकामं दिसायचं. सगळं करडं. लोक यायचेच बंद झाले. मोती ठेवले, वेळ ठेवली, तेव्हा एका महिन्यात नकाशा हिरवा झाला."

"नकाशा हिरवा झाला. माहिती तीच राहिली."

"सगळीच नाही, काकू. बऱ्याच नोंदी खरंच सुधारल्या. तुम्ही सुरुवातीला जे केलंत ते आम्ही बघत होतो. सोमवारी बंद असणारा शिलाईवाला. तुमचं नाव आम्ही मीटिंगमध्ये घेतलं होतं."

"मग दीपमाळ तेव्हा का नाही केलंत मला?"

 मला वाटतं त्याआधी त्यानं हा प्रश्न स्वतःला विचारला नसावा. त्यानं पेन उचललं, टोपण काढून पुन्हा लावलं. शेवटी म्हणाला, दवाखान्यांच्या नोंदींवरचे मोती आम्ही काढून टाकतो. घाई नको, स्पर्धा नको.

त्यानं शब्द पाळला. पुढच्या आठवड्यापासून वैद्यकीय नोंदींना मोती बंद झाले. आणि तीन आठवड्यांत काय झालं, तर त्या नोंदी तपासणंच बंद झालं. जिथे काही मिळत नाही तिथे कोण थांबतो? देवेशनं स्वतः फोन करून ताईंना आकडा सांगितला: आधी दिवसाला दोनशे मतं यायची, आता चार. त्यातलं एक त्यांचंच.

त्या दिवशी मी ताईंना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. कोणावर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गॅलरीतल्या कुंड्या त्यांनी इकडच्या तिकडे केल्या, पुन्हा तिकडच्या इकडे केल्या. "मोती दिले तर खोटं, नाही दिले तर काहीच नाही. असे कसे गं आपण?"

"सगळेच तसे नसतात," मी म्हणाले. बोलायचं म्हणून.

"मी तशी नव्हते. मग झालेच ना?"

आता काय चाललंय ते सांगते. देवेशच्या ऑफिसातली रोशनी म्हणून मुलगी आहे, तिनं ताईंच्या सांगण्यावरून दवाखान्यांच्या नोंदींचं रूप बदललं. हिरवं-करडं काढलं, टिक काढली. आता तिथे फक्त एक ओळ असते: कोणी विचारलं, तिकडून कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला. 'शशिकला मोकल यांनी फोन केला. औषध विभागातल्या सिस्टर म्हणाल्या, लस आहे. बारा जानेवारी.' ज्या ठिकाणी फोन लागला नाही तिथे तसंच लिहितात. बघायला ते काही छान दिसत नाही. हे काम करणारी आम्ही नऊ माणसं आहोत, तीनशे नोंदी, दर पंधरवड्याला. प्रांजल त्यात आहे. दोघं जण सुरुवातीला होती, ती सोडून गेली. आणखी किती सोडतील माहीत नाही. मी स्वतः दोन पंधरवडे चुकवलेत.

ताईंनी खेळ सोडला, पण खेळानं त्यांना अजून पूर्ण सोडलेलं नाही. सकाळी उठल्यावर हात आधी फोनकडे जातो, दिवा बघायला. दिवा नाही हे आठवतं, मग त्या उठून फेऱ्या मारू लागतात. पेपरातली बातमी वाचली तरी विचारतात, हे बघितलं कोणी? बाजारात भाजीवाली म्हणाली, आजच तोडलीय मेथी, तर तिच्याकडे अशा बघतात की ती बिचारी गोंधळते. काळूराम म्हणतो, आक्काचा डोका फिरला. मला तसं वाटत नाही. पण त्यांना शांत बसलेलं बघायला मला आवडलं असतं.

सोनाबाई सव्वीस दिवसांनी घरी गेल्या. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. किडन्या सुधारल्या, पूर्ण नाही. आठवड्यातून एकदा डायलिसिस अजून आहे, डॉक्टर म्हणतात थांबेल, कधी ते सांगत नाहीत.

फेब्रुवारीत एका रविवारी ताई सोनाबाईंना भेटायला आपट्याला निघाल्या आणि मला बरोबर चल म्हणाल्या. काळूरामनं करंजाहून सुके बोंबील पाठवले होते, त्यांची मोठी जुडी कागदात बांधून घेतली. सोनाबाई ओटीवर पाय लांब करून बसल्या होत्या. ताईंनी पुडा पुढे केला. सोनाबाईंनी उघडून बघितला, नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "वास बरा हाय. पन माजा मीठ बंद केलाय डाक्टरनी. सुकी मासली नाय चालत."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. उठून उभ्या राहिल्या, पुडा परत घ्यायला हात पुढे केला.

"आता आनलास ना? ठेव तितं. सून खाईल." सोनाबाईंनी पुडा मागे सरकवला. "आनि बस. कवाची उभीच हायस."

ताई बसल्या. पाचेक मिनिटांत पुन्हा उठल्या, पुन्हा बसल्या. आतून हितेशची बायको पाणी घेऊन आली. अंगणात ट्रेलरचं पुढचं तोंड उभं होतं, त्याखालून हितेश तेलकट हातांनी बाहेर आला. चार महिन्यांत तो ताईंशी एक अक्षर बोलला नव्हता. त्यानं आमच्याकडे बघितलं, कापडाला हात पुसले आणि आईला म्हणाला, "त्यांना बोल, जेवून जा. परतीची गाडी चारला हाय."

ताईंनी पर्स उघडून फोन काढला. गाडी खरंच चारला आहे का, ते विचारायला त्या स्टँडवर फोन लावत होत्या. हितेशच्या ते लक्षात आलं. तो तिथेच उभा राहिला, फोन लागेपर्यंत.